विद्यापीठातील संशोधकांशी वैद्यकीय विषयावर बोलताना नेमके काय विचारावे?

कृष्णाकाठ

नमस्कार.

मी सांगलीतील एका साप्ताहिकाचे विज्ञान आणि आरोग्य हे पान सांभाळते. माझे शिक्षण मराठी साहित्यातील असून विज्ञानाशी संबंध बारावीनंतर सुटला, हे आधीच सांगून टाकते. गेल्या काही महिन्यांपासून आम्ही विद्यापीठांतील संशोधकांच्या मुलाखतींची एक मालिका चालवीत आहोत. पहिल्या तीन मुलाखती बऱ्या झाल्या. चौथीत मात्र माझ्या हातून चूक घडली आणि तिच्याविषयीच इथे विचारायचे आहे.

ही मुलाखत हळदीतील कर्क्युमिन या द्रव्यावर काम करणाऱ्या एका प्राध्यापकांची होती. हळद हा सांगलीकरांच्या जिव्हाळ्याचा आणि पोटापाण्याचाही विषय. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर इथे हळदीची कोणतीही बातमी चवीने वाचली जाते. प्राध्यापक तासभर मोकळेपणाने बोलले, त्यांनी प्रयोगशाळा दाखविली, मधुमेह असलेल्या उंदरांची साखर कशी खाली आली याचे आलेख समजावून सांगितले. मी लेखात लिहिले की हळदीतील द्रव्यामुळे रक्तातील साखर कमी होते असे संशोधनात दिसून आले आहे. त्यावर आमच्या उपसंपादकांनी मथळा दिला : ‘मधुमेहावर हळदीची मात्रा’.

अंक बाहेर पडल्यावर प्राध्यापकांचा फोन आला. ते रागावले नव्हते, पण दुखावलेले होते. “एकेक वाक्य घेतले तर त्यात खोटे काही नाही, पण मी असे म्हणालो नव्हतो,” एवढेच ते म्हणाले. दोन दिवसांनी तासगावकडच्या एका वयस्कर वाचकांनी कार्यालयात फोन करून विचारले, की रात्री हळदीचे दूध घेतले तर सकाळची साखरेची गोळी बंद करता येईल का. त्या प्रश्नाने माझी झोप उडाली. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले तेव्हा लक्षात आले, की प्राध्यापकांनी ‘उंदरांमध्ये’ हा शब्द तासाभरात अनेकदा उच्चारला होता. माझ्या लेखात तो एकदाच आला होता आणि तोही सहाव्या परिच्छेदात.

अशा मुलाखतीपूर्वी तयारी काय करावी, कोणते प्रश्न चुकवू नयेत, लेखाचा मसुदा संशोधकाला दाखवावा की नाही आणि इंग्रजी संज्ञांचे काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी_परीक्षानळी

ताई, मी एका विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो.

आम्ही मंडळी बोलताना सावध शब्द वापरतो आणि ऐकणाऱ्याला ते तोंडातले पालुपद वाटते. ‘असे सूचित होते’, ‘या परिस्थितीत’, ‘प्राथमिक पातळीवर’ हे शब्द विनयापोटी येत नाहीत. तेच आमचे निष्कर्ष असतात. ते गाळले की उरते ते आमचे संशोधन नसते. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की दाव्याची मर्यादा दाव्याच्याच वाक्यात लिहावी. ‘मधुमेही उंदरांना कर्क्युमिन दिल्यावर त्यांची साखर कमी झाली’ या वाक्यातून उपसंपादकाला उंदीर सहजी काढता येत नाही. मर्यादा वेगळ्या वाक्यात गेली की ती सहाव्या परिच्छेदात जाऊन बसते, आणि जागा कमी पडली की सर्वांत आधी तीच कापली जाते.

उंदीर म्हणजे नेमका कोणता, हेही विचारावे. मराठीत आपण रॅट (मोठा उंदीर) आणि माउस (लहान उंदीर) या दोघांनाही उंदीर म्हणून मोकळे होतो, पण औषधाच्या हिशेबात त्यामुळे दुपटीचा फरक पडतो. प्राण्याला दिलेली मात्रा माणसाच्या हिशेबात आणताना दर किलोमागील मिलिग्रॅमचा आकडा रॅटसाठी सुमारे ६.२ ने आणि माउससाठी १२.३ ने भागण्याचा संकेत आहे. समजा, रॅटला किलोमागे २०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिले. माणसासाठी ते किलोमागे सुमारे ३२ मिलिग्रॅम होते, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज जवळजवळ दोन ग्रॅम. आता हळदीच्या पुडीत कर्क्युमिन असते साधारण तीन टक्के. दोन ग्रॅम कर्क्युमिनसाठी रोज पासष्ट ग्रॅमच्या आसपास हळद खावी लागेल. चहाच्या चमच्याने मोजली तर वीस चमच्यांहून जास्त. हा हिशेब प्राध्यापकांच्या समोर बसून, कागदावर, त्यांच्याकडूनच करवून घ्यावा. तासगावच्या आजोबांना हळदीच्या दुधातील चिमूटभर हळदीविषयी जे उत्तर हवे होते, ते या चार ओळींच्या आकडेमोडीत आहे.

त्यातही ही खाल्लेली हळद रक्तापर्यंत पोहोचते किती, हा प्रश्न वेगळाच. १९९८ मध्ये बंगळूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिले, तेव्हा रक्तात ते जवळजवळ सापडलेच नाही. सोबत मिऱ्यातील पायपेरीन वीस मिलिग्रॅम दिल्यावर मात्र ते २००० टक्क्यांनी वाढले. हा २००० टक्क्यांचा आकडा आजही जाहिरातींतून दिमाखात फिरतो. शून्याच्या आसपासची गोष्ट वीसपट झाली म्हणजे किती झाली, हे मात्र कुणी विचारत नाही.

तिसरी गोष्ट, उंदरांना मधुमेह झाला कसा हे विचारावे. बहुतेक वेळा तो टोचून आणलेला असतो. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचे द्रव्य दिले, की स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. पन्नाशीत पोट सुटून, घराण्यातून आलेला आपला मधुमेह आणि हा मधुमेह यांत बरेच अंतर आहे. मी स्वतः असे प्रयोग केलेले आहेत आणि त्यांची उपयुक्तता मला मान्य आहे. पण त्यांवरून गोळी बंद करण्याचा सल्ला निघत नाही.

बातमीचा_माग

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण त्यात सगळा दोष बातमीदाराच्या पदरात पडतो असे वाटल्यावाचून राहत नाही. मी वीस वर्षे वृत्तपत्रात काढली आहेत, तेव्हा थोडी बाजू मांडतो.

कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये याच प्रश्नाचा माग घेतला होता. ब्रिटनमधील वीस आघाडीच्या विद्यापीठांनी २०११ या वर्षात आरोग्यविषयक संशोधनावर काढलेली ४६२ प्रसिद्धिपत्रके त्यांनी मूळ शोधनिबंधांशी आणि नंतर आलेल्या बातम्यांशी ताडून पाहिली. प्राण्यांवरील प्रयोगांचा निष्कर्ष माणसांना लावून टाकण्याची अतिशयोक्ती ३६ टक्के प्रसिद्धिपत्रकांत आधीच होती. जिथे ती प्रसिद्धिपत्रकात होती, तिथे ८६ टक्के बातम्यांतही ती उतरली. जिथे नव्हती, तिथे केवळ १० टक्के बातम्यांत ती दिसली. म्हणजे फोडणी बऱ्याचदा विद्यापीठाच्या स्वयंपाकघरातच पडते. कृष्णाकाठ यांच्या बाबतीत प्राध्यापक सावध होते हे खरे, पण पुढच्या वेळी तसे नसेल. म्हणून प्रसिद्धिपत्रक हाती आले तरी मूळ शोधनिबंध मागून घ्यावा. संपूर्ण कळला नाही तरी चालेल. प्रयोग कोणावर आणि किती जणांवर केला, तुलनेसाठी दुसरा गट होता का, आणि शेवटी मर्यादांविषयी लेखकांनी स्वतः काय लिहिले आहे, एवढे सावकाश वाचले तरी मुलाखतीतले निम्मे प्रश्न तिथेच सापडतात.

एक प्रश्न मात्र शोधनिबंधात सापडत नाही आणि तो मी कधीही सोडत नाही : “आपल्या क्षेत्रातील कोणाला हे पटणार नाही आणि का?” कर्क्युमिनबाबत तर या प्रश्नाला पर्यायच नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतील औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात आलेल्या आढाव्यात असे म्हटले होते, की कर्क्युमिनच्या १२० हून अधिक चाचण्या माणसांवर झाल्या, पण प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीशी, तुलना करणाऱ्या दुहेरी-अंध चाचणीत (कोणाला काय दिले हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि संशोधकालाही) त्याला एकदाही यश आलेले नाही. त्यात असेही दाखविले होते, की हे द्रव्य स्वतःच चमकते आणि प्रयोगशाळेतील अनेक कसोट्यांमध्ये फसवे होकार देते. चांगल्या संशोधकाला हा आक्षेप माहीत असतो, त्याच्याकडे त्यावर उत्तरही असते, आणि ते उत्तर बहुधा मुलाखतीतला सर्वांत जिवंत भाग ठरते. पैसा कोणी दिला आणि पेटंटसाठी अर्ज केला आहे का, हेही संकोच न करता विचारावे. प्रामाणिक माणूस त्याने दुखावत नाही.

पेटंटवरून आठवले. हळदीची मुलाखत असली की कोणीतरी १९९७ चा लढा काढतोच. जखमेवर हळद लावण्यासाठी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये मिळालेले अमेरिकी पेटंट रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने रद्द करवून घेतले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण तिथे सिद्ध झाले ते एवढेच, की ही माहिती नवी नव्हती. हळदीचा गुण किती, हा मुद्दा त्या लढ्यात निकाली निघालेला नव्हता. ही गल्लत आमच्याही पानात छापून आलेली आहे.

मसुद्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. संपूर्ण लेख दाखवू नये. संशोधकाच्या तोंडी घातलेली विधाने आणि तांत्रिक परिच्छेद वाचून दाखवावेत, आणि दुरुस्ती तथ्यापुरती स्वीकारावी.

जुनी_परीक्षानळी

मसुद्याबाबत मी असहमत आहे. राजकारण्याची मुलाखत आणि औषधाची माहिती यांना एकच नियम लावू नये. तुमचे स्वातंत्र्य जपायचे तर संशोधकाला अंतिम शब्द देऊ नका, पण वाचायला देण्यात काय जाते? आणि मथळा तरी निश्चितच दाखवावा. या प्रकरणात घात मथळ्याने केला आहे.

बातमीचा_माग

मथळ्याचे मान्य. मात्र तो रात्री अकराला, पान सोडताना ठरतो आणि तेव्हा प्राध्यापक झोपलेले असतात.

लघुलहरी

मी एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर आरोग्याचा साप्ताहिक कार्यक्रम करते, म्हणून संज्ञांच्या प्रश्नापुरते लिहिते. त्यावर इथे अजून कोणी बोललेले नाही.

माझा अनुभव असा, की अवघड इंग्रजी शब्द फारसे धोकादायक नसतात, कारण ते कळले नाहीत हे श्रोत्याला कळते. धोका असतो तो ओळखीच्या शब्दांत. आमच्या एका भागात पाहुण्या डॉक्टर सतत ‘कंट्रोल ग्रुप’ म्हणत होत्या. कार्यक्रमानंतर आलेल्या फोनवरून लक्षात आले, की अनेकांनी त्याचा अर्थ ‘ज्यांची शुगर कंट्रोलमध्ये आहे असे लोक’ असा घेतला होता. चूक त्यांची नव्हती, घरोघरी तो शब्द त्याच अर्थाने चालतो. तेव्हापासून मी ‘ज्यांना औषध न देता फक्त तुलनेसाठी ठेवले होते ते लोक’ असे लांबलचक म्हणते. ‘सिग्निफिकंट’ चेही तसेच. आपण त्याचे ‘लक्षणीय’ करतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा होता. संशोधकाला म्हणायचे असते की हा फरक केवळ योगायोगाने पडण्याची शक्यता कमी आहे. फरक स्वतः अगदी किरकोळ असू शकतो. हा शब्द आला की मी तिथेच थांबवून विचारते, “म्हणजे साखर कितीवरून कितीवर आली?”

दुसरे असे, की मी पाहुण्यांकडून एक चित्र मागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे २००४ चे ते प्रसिद्ध छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि ते शेजारी शेजारी उभे आहेत, दोघांचाही देहभार निर्देशांक (उंचीच्या मानाने वजन दाखविणारा आकडा, बीएमआय) २२.३ आहे, पण युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयालाही मधुमेहाचा धोका का असतो, हे समजावण्यासाठी मला यापेक्षा बरे साधन मिळालेले नाही. त्यात संशोधकाने स्वतःचेच शरीर पुढे केले आहे, हा भाग मला विशेष आवडतो. अर्थात दोन माणसांचे चित्र म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा मागच्या शेकडो मोजमापांत असतो, आणि तेही सांगावेच लागते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके सविस्तर लिहाल अशी अपेक्षा नव्हती.

काल प्राध्यापकांना पुन्हा भेटले. जुनी_परीक्षानळी सरांनी सांगितलेला हिशेब त्यांच्याकडून करून घेतला. त्यांचे उंदीर रॅट होते. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर भागाकार मांडला, आकडा पाहिला आणि हसून म्हणाले, की हे त्यांच्या विद्यार्थ्यांनाही कधी विचारलेले नव्हते. “कोणाला पटणार नाही?” या प्रश्नावर ते पाऊण तास बोलले. २०१७ चा आढावा त्यांना ठाऊक होता. त्यातील फसव्या कसोट्यांचा मुद्दा त्यांना पूर्ण मान्य आहे. म्हणूनच ते नुसत्या परीक्षानळीतील निकालांवर विसंबत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. ते सर्व पुढच्या अंकात येईल.

खुलासा याच अंकात, पहिल्या पानावर चौकटीत जाईल. त्यातील मुख्य वाक्य असे आहे : ‘गेल्या अंकातील संशोधन हे औषध टोचून मधुमेही केलेल्या उंदरांवरील होते, आहारातील हळदीने माणसाचा मधुमेह कमी होतो असे त्यात आढळलेले नाही आणि कोणीही आपले औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.’ संपादकांना ते लांब वाटले, तरी मी तोडू दिले नाही. मथळा प्राध्यापकांना दुपारीच वाचून दाखविला.

तासगावच्या आजोबांचा क्रमांक कार्यालयातील वहीत सापडला. फोन केला. गोळी त्यांनी बंद केलेली नव्हती. सुनेने करू दिली नव्हती. हळदीचे दूध मात्र चालू आहे, ते आवडते म्हणाले.