ट्रूपला शिव्या घालण्याआधी वॉशिंग्टनला जाब विचारा

आडवाटेचा:
अमेरिकेतल्या क्रीक या मूलनिवासी लोकांच्या जमिनींचा विषय निघाला की जॉर्जियाचे गव्हर्नर जॉर्ज ट्रूप यांना खलनायक ठरवून सगळे मोकळे होतात. माझ्या मते खरा घोळ केंद्राने घातला. १७९० च्या न्यूयॉर्क तहात क्रीकांना त्यांच्या उरलेल्या जमिनीची हमी दिली. १८०२ मध्ये जॉर्जियाकडून पश्चिमेचा मुलूख (आजचे अलाबामा-मिसिसिपी) साडेबारा लाख डॉलरला घेतला आणि वर कबूल केलं, तुमच्या हद्दीतला मूलनिवासींचा हक्क आम्ही सोडवून देऊ. एकच जमीन दोघांना कबूल! मग जॉर्जियाने तगादा लावला तर बिघडलं कुठे?

खवट काका:
१८०२ च्या करारातली 'शांततेने आणि वाजवी अटींवर' ही अट बरी गिळलीत. क्रीकांची जॉर्जियातली जमीन देऊन टाकणारा १८२५ चा इंडियन स्प्रिंग्सचा तह कसला वाजवी? विल्यम मॅकिंटॉश हा क्रीक मुखिया आणि त्याच्यासारख्या मोजक्या मुखियांनी क्रीकांच्या परिषदेला डावलून सह्या ठोकल्या. हा मॅकिंटॉश ट्रूपच्या आईच्या माहेरचा, बरं का. अध्यक्ष अ‍ॅडम्सनी तो तह रद्द करून १८२६ मध्ये नवा केला, क्रीकांकडे पश्चिमेची एक पट्टी राहिली. ट्रूपने तिथेही मोजणीदार घुसवले! याला तगादा म्हणत नाहीत, दंडेली म्हणतात.

आडवाटेचा:
आणि अ‍ॅडम्सनी काय केलं? १८२७ मध्ये फौजेची धमकी दिली. ट्रूपने मिलिशिया (राज्याची नागरिकांची फौज) सज्ज ठेवायला सांगितल्यावर हूं की चूं नाही.

गोदाकाठ:
दोघेही असे भांडताय जणू क्रीक नुसते बघत बसले होते. परवानगीशिवाय जमीन विकेल त्याला मृत्युदंड, हा त्यांच्या परिषदेचा कायदा होता. ३० एप्रिल १८२५ ला क्रीक मुखिया मेनावाच्या माणसांनी चट्टाहूची नदीकाठचं मॅकिंटॉशचं घर पेटवलं, त्याला बाहेर काढून ठार केलं. मग ऑपोथलेयाहोला आणि इतर क्रीक प्रतिनिधी वॉशिंग्टनला गेले, तेव्हा कुठे तो तह रद्द झाला. काका, श्रेय अ‍ॅडम्सना देऊ नका.

खवट काका:
दिलं क्रीकांना. पण म्हणून ट्रूप सुटत नाही.

आडवाटेचा:
सुटू नकोच. पण ती पट्टीसुद्धा नोव्हेंबर १८२७ मध्ये गेलीच ना? ती लिहून घेतली कोणी? ट्रूपने नव्हे, केंद्राच्या माणसांनी, पैसे मोजून.