फसवून केलेलं लग्न रद्द करायला एकच वर्ष का?

अबोली
मैत्रिणीच्या लग्नानंतर चार महिन्यांनी कळलं की नवऱ्याचं आधी एक लग्न होऊन घटस्फोटही झालाय, ठरवताना कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. ती त्याच दिवशी माहेरी आली. मग दोन्हीकडच्या बैठका, मोठ्यांचं "थांब जरा, बघू" यातच दीड वर्ष गेलं आणि आता वकील म्हणतात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज करायला हवा होता, आता फक्त घटस्फोट. ही मुदत काढूनच टाकली पाहिजे.

काळाकोट
वाईट वाटलं वाचून, पण मुदत हवीच. नाहीतर सगळं माहीत असून लोक दहा वर्षं संसार करतील आणि पटेनासं झालं की जुनं उकरून काढतील. १८७२ च्या करार कायद्यातही फसवणूक कळल्यावर तुम्ही करार मान्य करून पुढे चालवलात तर नंतर मोडता येत नाही.

अबोली
अहो, ती नांदली कुठे? कळल्यावर स्वखुशीने एकत्र राहिलात तर अर्ज चालत नाही ही वेगळी अट त्याच कलमात आहे, मग दहा वर्षांची भीती कशाला? आणि कराराचंच काढलंत तर फसवून केलेला करार रद्द करायला कळल्यापासून ३ वर्षं मिळतात. व्यवहाराच्या कागदाला ३ आणि अख्ख्या आयुष्याला १, मला पटतच नाही हे.

सरळरेघ
एवढा हट्ट कशाला पण? संमतीने घटस्फोट घ्या, मोकळं व्हा. ६ महिने थांबायची अटही योग्य केसमध्ये कोर्ट माफ करू शकतं, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय.

अबोली
संमती त्याचीही लागते ना. तो सही करत नाहीये.

पिंपळपान
मला वाटायचं मुलांसाठी मुदत ठेवली असेल, पण लग्न रद्द झालं तरी कलम १६ मुळे मुलं औरसच राहतात, म्हणजे तेही कारण नाही. अबोली, एक करा, त्या आधीच्या घटस्फोटाचा हुकूमनामा खरंच झालाय का ते कागद काढून बघा. लग्नाच्या वेळी पहिली बायको हयात असेल आणि कायदेशीर घटस्फोट झालेला नसेल तर कलम ११ लागतं, लग्न मुळातच शून्य, आणि तिथे एका वर्षाची अट नाही.

काळाकोट
हे बरोबर, आधी तेच बघा. मुदत काढायला माझा विरोध कायम आहे, पण समेटाच्या बैठकांत गेलेला काळ त्या वर्षातून वगळावा एवढं मी मान्य करतो.