अपंगत्व पेन्शनचा दावा २०१७ मध्ये फेटाळला गेला. आता अपील करता येईल का?

माळरान:

नमस्कार. माझे वडील चोवीस वर्षांची सेवा पूर्ण करून ३१ मार्च २०१७ रोजी भूदलातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळी त्यांना उच्च रक्तदाब आणि मधुमेह हे दोन्ही आजार होते आणि त्यांची वैद्यकीय श्रेणी आधीच खाली आलेली होती. रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, दोन्ही मिळून ४० टक्के अपंगत्व कायमस्वरूपी असल्याचे नोंदवले; मात्र त्याच बोर्डाने हे आजार सेवेमुळे झालेले नाहीत आणि सेवेने बळावलेलेही नाहीत, असा शेरा दिला. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये एका पानाचे पत्र आले की अपंगत्व पेन्शनचा दावा नामंजूर करण्यात येत असून, निर्णय मान्य नसल्यास सहा महिन्यांत अपील करावे.

वडिलांनी अपील केले नाही. "फौजेने आपल्याला पोसले, तिच्याशी भांडायचे कशाला," एवढे बोलून त्यांनी ते पत्र ट्रंकेत ठेवून दिले. मला ते मागच्या महिन्यात सापडले. त्यांची सेवा पेन्शन व्यवस्थित चालू आहे, म्हणून घरातल्या बाकीच्यांना यात पडू नये असे वाटते. मला मात्र तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत: इतक्या वर्षांनी अपील चालते का, अपिलात नेमके काय लिहायचे असते, आणि एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवल्याप्रमाणे थकबाकीतला ठरावीक हिस्सा घेऊन काम करून देणाऱ्या माणसाकडे हे प्रकरण सोपवावे का?

जुना लेखनिक:

ताई, वडिलांना माझा जय हिंद सांगा. मी सेवेत असताना बरीच वर्षे कागदपत्रांच्याच कामावर होतो, त्यामुळे कागदांपुरते बोलतो.

तुमच्या हातात असलेले पत्र हा निर्णय कळवणारा कागद आहे. निर्णय प्रत्यक्षात झाला तो रिलीज मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीत, म्हणजे ए.एफ.एम.एस.एफ.-१६ या फॉर्मवर. त्या फॉर्ममध्ये प्रत्येक आजारापुढे तो सेवाजन्य आहे का, सेवेने बळावला आहे का आणि नसल्यास त्याचे कारण काय, असे रकाने असतात. बहुतेक लोक नामंजुरीच्या पत्राला उत्तर देत बसतात आणि चोवीस वर्षांच्या सेवेचे वर्णन लिहितात. ते वाचून अपील तपासणाऱ्या समितीवर काही परिणाम होत नाही, कारण समितीपुढे प्रश्न एवढाच असतो की बोर्डाने दिलेले कारण टिकते की नाही. ते कारण वाचल्याशिवाय अपिलाची एक ओळही लिहू नका.

तेव्हा पहिले काम म्हणजे वडिलांच्या रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे त्यांची सेवेची कागदपत्रे सांभाळणाऱ्या कार्यालयाकडे, माहिती अधिकाराचा अर्ज करणे. अर्ज वडिलांच्या नावाने आणि सहीने करा. दहा रुपये शुल्क असते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा फॉर्म, आजार प्रथम आढळला तेव्हाची रुग्णालयाची कागदपत्रे, त्यानंतरच्या प्रत्येक श्रेणी-तपासणीची कागदपत्रे आणि सर्व पोस्टिंगची तारीखवार यादी मागा. शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात आणि तुमच्या प्रकरणात मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

कारण असे आहे. वडील निवृत्त झाले तेव्हा लष्करी डॉक्टरांसाठी निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांची एक मार्गदर्शिका लागू होती, २००२ ची आणि २००८ मध्ये सुधारलेली. तिच्यात उच्च रक्तदाब आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह या दोन्हींबद्दल असे म्हटले आहे की आजाराची सुरुवात फील्ड भागात, अतिउंच प्रदेशात किंवा बंडखोरीविरोधी मोहिमेत असताना झाली असेल, तर तो सेवेने बळावला असे मानावे. त्यामुळे बोर्ड पाहते ते आजार आढळला त्या दिवशी जवान कुठे होता एवढेच. दोन-अडीच वर्षे काश्मीर खोऱ्यात काढून माणूस पीस स्टेशनला, म्हणजे मोहिमेबाहेरच्या शांत ठाण्यावर, येतो, तिथे वार्षिक तपासणीत रक्तदाब वाढलेला दिसतो आणि फॉर्मवर "सुरुवात पीस स्टेशनला" अशी नोंद होते. रक्तदाब त्या सकाळी सुरू झाला का? आजार सापडण्याची तारीख आणि आजार लागण्याची तारीख वेगवेगळ्या असतात, हे कोणताही डॉक्टर मान्य करेल, पण फॉर्मवर तारीख एकच उरते. पोस्टिंगची यादी समोर ठेवली की हा खुलासा अपिलात करता येतो.

आणखी एक पाहा. भरतीच्या फॉर्मवर आजाराची नोंद नसेल, तर त्या कोऱ्या रकान्याची छायाप्रत अपिलाला जोडा.

कायदेकानू:

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. कायद्याची बाजू तेवढी जोडतो.

उशिराबद्दल आधी सांगतो. पेन्शन दरमहा देय असते, म्हणून ती चुकीने नाकारली गेली तर ती चूक दर महिन्याला पुन्हा घडते, असे सर्वोच्च न्यायालयाने भारत सरकार विरुद्ध तरसेमसिंग या २००८ च्या निकालात मानले. त्यामुळे केवळ विलंबाच्या कारणावरून दार बंद होत नाही. मात्र थकबाकी सर्वसाधारणपणे अर्ज दाखल होण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. २०१७ पासूनची सगळी रक्कम मिळेल, असे वडिलांना सांगू नका. आज आपण जितके महिने घालवू, तितके महिने मागच्या टोकाकडून गळत जातात, आणि म्हणूनच घरच्यांची संमती मिळेपर्यंत थांबणे महागात पडते.

दुसरी एक मुदत याहून गंभीर आहे आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. तुमच्या वडिलांना अपंगत्व पेन्शनचे २००८ चे पात्रता नियम लागू होतात. त्या नियमांप्रमाणे आजार सेवेशी जोडलेला आहे हे सिद्ध करण्यास दावेदाराला सहसा सांगितले जात नाही. परंतु निवृत्तीनंतर पंधरा वर्षे उलटून दावा केला आणि तोपर्यंत सेवेची कागदपत्रे नियमाप्रमाणे नष्ट झालेली असली, तर पुराव्याचा भार दावेदारावर येतो. तुमच्याकडे २०३२ पर्यंत वेळ आहे असा याचा अर्थ घेऊ नका. कागद आत्ताच मागवून आपल्या ताब्यात ठेवा.

मार्ग असा आहे. पहिले अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिल्या अपिलाच्या समितीकडे जाते आणि ते फेटाळले गेल्यास सहा महिन्यांत दुसरे अपील दुसऱ्या समितीकडे करता येते. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, जे २००७ च्या कायद्याने स्थापन झाले आणि २००९ पासून काम करते. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. उपलब्ध उपाय वापरल्याशिवाय न्यायाधिकरण सहसा अर्ज दाखल करून घेत नाही, पण अपील करून सहा महिने उत्तर आले नाही तरी तो उपाय वापरला असे धरले जाते. म्हणून पहिले अपील विलंबमाफीच्या विनंतीसह पाठवा, पोच घ्या आणि त्या पोचेची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

अपिलात आधार कशाचा घ्यायचा? धरमवीरसिंग विरुद्ध भारत सरकार या २०१३ च्या निकालाचा. अपस्माराच्या कारणाने नऊ वर्षांच्या सेवेनंतर २० टक्के अपंगत्वासह बाहेर पडावे लागलेल्या जवानाचे ते प्रकरण होते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे गृहीत धरले जाईल, पुढे प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे मानले जाईल आणि तसे नसल्याचे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर असेल, असे न्यायालयाने सांगितले. बोर्डाला वेगळे म्हणायचे असेल तर त्याने कारणे लिहिली पाहिजेत. नुसता शेरा पुरेसा नाही. ताई, तुमच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात दोन शब्दच असतील, तर तुमचे निम्मे काम झाले आहे.

तरी एक सावधगिरी बाळगा. धरमवीरसिंग यांचे प्रकरण १९८२ च्या नियमांखालचे होते आणि २००८ च्या नियमांची भाषा दावेदाराच्या दृष्टीने अधिक कडक आहे. आजार सेवेच्या काळात दिसला एवढ्यावरून तो सेवाजन्य ठरत नाही, असे त्यांत म्हटले आहे. शिवाय २०१९ मध्ये नरसिंग यादव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजाराबाबत बोर्डाचे मत ग्राह्य धरले आणि दावा नाकारला. सरकारी वकील हे दोन्ही मुद्दे मांडणारच. म्हणून निकालांची नावे अपिलात पेरून भागत नाही. वडिलांच्या पोस्टिंगच्या आणि आजाराच्या तारखा हाच त्यातला खरा मजकूर आहे.

आकड्याबद्दलही सांगतो. दावा मान्य झाला तर ४० टक्के अपंगत्व ५० टक्के धरले जाऊ शकते. ५० पेक्षा कमी असल्यास ५०, ५० ते ७५ असल्यास ७५ आणि त्यावर १००, अशी ती पूर्णांकाची पद्धत आहे. ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्रात ती केवळ आजारपणामुळे सेवेतून काढलेल्यांना दिली होती. राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेची मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तिचा लाभ मान्य केला. ही मागणी अर्जात स्वतंत्रपणे करा, नाहीतर हुकूम ४० टक्क्यांचाच निघतो आणि मग त्यासाठी पुन्हा फेरी मारावी लागते.

दगडफूल:

मी स्वतः या वाटेने गेलो आहे, म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. हिस्सा घेऊन काम करणाऱ्या माणसाकडे जाऊ नका.

माझे पहिले अपील मी अशाच एका मध्यस्थाकडून लिहून घेतले होते. त्याच्याकडे एकच छापील मजकूर होता आणि त्यात तो फक्त नाव आणि क्रमांक बदलत असे. माझ्या अपिलात त्याने सियाचीनचा उल्लेख केला होता. मी सियाचीनला कधीच गेलो नव्हतो. अपील फेटाळले गेले ते योग्यच झाले, असे आज मला म्हणावे लागते. ज्याची फी निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेच्या वाट्यावर अवलंबून असते, असे काम घेण्यास वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. म्हणजे तसा सौदा करणारा माणूस एक तर वकील नसतो किंवा नियम मोडत असतो.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांना अर्ज लिहिण्यासाठी मदत मिळते आणि तिला पैसे लागत नाहीत. सगळीकडे सारखीच तत्पर मदत मिळते असा माझा दावा नाही, पण तिथे बसणारे लोक बहुधा स्वतः माजी सैनिक असतात आणि कोणता कागद कुठे जातो हे त्यांना ठाऊक असते. न्यायाधिकरणात अर्जदाराला स्वतः बाजू मांडता येते. मी मात्र वकील केला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

माझा रक्तदाबाचा दावा मान्य झाला, मधुमेहाचा झाला नाही. मधुमेह आढळला तेव्हा मी सलग पाच वर्षे पीस स्टेशनलाच होतो आणि बोर्डापुढे मी माझ्याच तोंडाने घरात दोघांना मधुमेह असल्याचे सांगितले होते. ते लिहिलेले होते, खाली माझी सही होती. वडिलांच्या फॉर्मवर त्यांनी स्वतः काय सांगितले आहे तो भाग आधी वाचा. दोन आजारांपैकी एकच टिकला तरी त्याची टक्केवारी २० किंवा त्याहून अधिक असेल तर पेन्शनचा अपंगत्वाचा भाग मिळतो, तेव्हा दोन्ही आजारांचे मुद्दे वेगळे मांडा. एकत्र बांधले तर कमकुवत आजार बळकट आजारालाही खाली ओढतो.

जुना लेखनिक:

दगडफूल यांनी सांगितलेला सहीचा मुद्दा लाखमोलाचा आहे. आणखी एक राहिले होते. "फौजेशी भांडायचे कशाला" हे तुमच्या वडिलांचे वाक्य मी शेकडो जवानांच्या तोंडून ऐकले आहे. त्यांना एवढेच सांगून पाहा की अपील हीसुद्धा रजा आणि रेशनसारखीच फौजेच्या नियमांतली तरतूद आहे. आणि नामंजुरीच्या पत्रावर अपिलाची ओळ खुद्द फौजेनेच छापली आहे.

माळरान:

सर्वांचे मनापासून आभार. जुना लेखनिक यांचे शेवटचे वाक्य मी वडिलांना जसेच्या तसे वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी स्वतःच ट्रंक उघडून बसले. तिच्यात त्यांची छोटी वही निघाली, जिच्यात त्यांनी प्रत्येक पोस्टिंगच्या तारखा लिहिल्या आहेत. ऑक्टोबर २०१० ते सप्टेंबर २०१२ ते बंडखोरीविरोधी मोहिमेवर काश्मीर खोऱ्यात होते आणि रक्तदाब प्रथम आढळला तो नोव्हेंबर २०१२ मध्ये, पीस स्टेशनला येऊन दोन महिने होण्याच्या आत. खोऱ्यात असतानाच डोके दुखते म्हणून दोनदा सिक रिपोर्ट केल्याचे, म्हणजे आजारी असल्याचे कळवून डॉक्टरकडे गेल्याचे, त्यांना आठवते. तेव्हा गोळी देऊन परत पाठवले होते. मधुमेह त्यानंतर तीन वर्षांनी आढळला, म्हणजे तो मुद्दा कदाचित दगडफूल यांच्यासारखाच कमकुवत ठरेल.

माहिती अधिकाराचा अर्ज काल वडिलांच्या सहीने पाठवला आणि त्यात त्या दोन सिक रिपोर्टच्या नोंदीही मागितल्या आहेत. बोर्डाची कार्यवाही हातात आली की कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते इथे कळवते.

कायदेकानू:

सिक रिपोर्टची नोंद मिळाली तर उत्तमच. मिळाली नाही, तर ती उपलब्ध नसल्याचे लेखी उत्तर जपून ठेवा, तेही अपिलाला जोडता येईल. आणि तीस दिवसांत काहीच आले नाही, तर पुढच्या तीस दिवसांत माहिती अधिकाराचे पहिले अपील करा. पेन्शनचे अपील मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका. वहीतल्या तारखांच्या आधारे ते आत्ता पाठवा आणि कागद आल्यावर पुरवणी निवेदन द्या.