रिअर प्रोजेक्शन स्क्रीनवर मधोमध हॉटस्पॉट, फ्रेनेल लेन्स लावू की फिल्म बदलू?

मंडळी, मदत हवी आहे. मागून प्रोजेक्शनची स्क्रीन बनवतोय, 1 मीटर रुंद, 16:9, फुल एचडी प्रोजेक्टर बरोब्बर मधोमध 1.5 मीटर मागे. ॲक्रिलिक शीटवर जास्त गेनवाली (म्हणजे समोर जास्त उजेड देणारी) डिफ्यूजर, म्हणजे उजेड पसरवणारी, फिल्म आहे. चित्र शार्प येतं पण मधे लख्ख गोळा आणि कोपरे काळवंडलेले, आणि मी डावीकडे सरकलो की गोळाही माझ्यासोबत सरकतो, म्हणजे दोष प्रोजेक्टरचा नाही हे नक्की.

कोपऱ्यातला किरण साधारण 21 अंश तिरका बाहेर पडतो आणि फिल्म त्याला फारसं पसरवतच नाही, तो तसाच पुढे निघून जातो. गेन म्हणजे काही फुकटचा उजेड नाही, इकडचा काढून तिकडे दिलेला.

कमी गेनची फिल्म लावली तर गोळा जाईल, पण ती दुधाळ असते, खोलीत लाइट लागला की काळा रंग राखाडी दिसणार. म्हणून फ्रेनेलचा विचार, म्हणजे गोल गोल बारीक खाचा असलेली सपाट लेन्स, ती कोपऱ्यातले किरण आत वळवेल. बसणार 3 मीटरवर. फोकल लेंथ किती घेऊ? खाचा कुठल्या बाजूला? मिळतेय ती 0.5 मिमी पिचची (दोन खाचांमधलं अंतर), माझा पिक्सेल 0.52 मिमी, मॉयरे (दोन बारीक नक्ष्या एकमेकींवर आल्या की दिसणारे पट्टे) येईल का?

प्रतिसाद:

येईल काय, येणारच! 0.5 आणि 0.52 इतके जवळ आहेत की दर 12-13 मिमीला एक पट्टा दिसेल, लांबूनही. 0.15 च्या आसपासची बघा, पिक्सेलशी गुणोत्तर साडेतीनजवळ जातं, पूर्ण आकड्यापासून लांब, तेच हवं.

फोकल लेंथ 1.5 मीटर घेतलीत तर किरण समांतर निघतील, पण तुमच्या खुर्चीकडे वळवायचे असतील तर 1/फोकल लेंथ = 1/1.5 अधिक 1/3, म्हणजे फोकल लेंथ 1 मीटर. शेजारीही कोणी बसणार असेल तर पुढे लेंटिक्युलर शीट (उभ्या रेघांसारख्या बारीक लेन्सची शीट) लावा, ती आडवं पसरवते आणि वरखाली उजेड वाया घालवत नाही.

खाचा बघणाऱ्याकडे, सपाट बाजू प्रोजेक्टरकडे. उलट लावली तर खाचांच्या उभ्या भिंतींवर बराच उजेड वाया जातो. फिल्म खाचांना टेकवूनच ठेवा, फट राहिली की बारीक अक्षरं पसरतात, पण मधे गोंद अजिबात नको, खाचा बुजल्या की लेन्स संपली.

आणि दुधाळपणाची भीती असेल तर राखाडी टिंटची फिल्म बघा ना. प्रोजेक्टरचा उजेड टिंटमधून एकदाच जातो, खोलीतला आत जाऊन परत येताना दोनदा, त्यामुळे तो जास्त मरतो. प्रोजेक्टर किती ल्युमेनचा (म्हणजे किती उजेडाचा) आहे? त्यावर टिंट किती गडद चालेल ते ठरेल.