मदत हवी आहे: एस्टीम हेड पोर्टिंग, एक पोर्ट जास्त घासला गेलाय

गाडी जुनी मारुती एस्टीम, १२९८ सीसी, ८ व्हॉल्ववाली, कार्ब्युरेटर. इंजिनचं सिलिंडर हेड उतरवून घरीच पोर्टिंग (हवा आणि धूर जायचे मार्ग म्हणजे पोर्ट घासून सुधारणं) करतोय. ट्रॅकची गाडी नाही, रोज पुण्यात कात्रज ते भोसरी जाते, त्यामुळे खालचा टॉर्क (कमी आरपीएमवरची ओढ) गमवायचा नाही.

आतापर्यंत: व्हॉल्व काढले, गॅस्केट लावून इनटेकची (हवा आत घेणाऱ्या पोर्टची) तोंडं आखली आणि डाय ग्राइंडरवर ॲल्युमिनियमसाठीचा कार्बाइड बर (घासायचं दातेरी टोक) वापरून गॅस्केटशी मॅच केली. बर चोंदू नये म्हणून रॉकेल लावत होतो. इनटेकला ८० नंबरचा पेपर मारून खरखरीत ठेवलंय, चकाकी फक्त एक्झॉस्टला. व्हॉल्वचे गाइड आणि सीट (व्हॉल्व टेकतो ती कडा) यांना हात लावलेला नाही.

घोळ तिसऱ्या सिलिंडरच्या इनटेकला झालाय. शॉर्ट साइडच्या (आतल्या, आखूड बाजूच्या) वळणावर, सीटच्या अगदी खाली, बर घसरला आणि नखाला लागेल एवढा खड्डा पडला. अ‍ॅक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवून ब्युरेटने मोजलं, तर त्या पोर्टमध्ये बाकी तिघांपेक्षा दीड मिली जास्त मावतंय. आत भेग दिसत नाही, पण तिथून वॉटर जॅकेट (हेडमधली कूलंटची पोकळी) किती लांब आहे याचा अंदाज नाही. कापून बघायला दुसरं हेडही नाही.

नाना पेठेत चौकशी केली, सगळे म्हणाले 'दुसरं हेड घ्या'. मला हेच वाचवायचंय.

बाकीचे तीन पोर्ट तिसऱ्याएवढे करू, की तो खड्डा नुसता सौम्य करून सोडून देऊ? आणि भोसरी-चिंचवडकडे एकच हेड प्रेशर टेस्ट करून सीटला तीन कोनांचा कट देणारं खात्रीचं मशीन शॉप कोणतं?