चीक ते पान्हा : पहिल्या चार दिवसांचे तुमचे अनुभव लिहा

मागच्या आठवड्यात मावसबहिणीला बघायला दवाखान्यात गेले. बाळंत होऊन एक दिवस झाला होता. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती आणि टेबलावर पावडरच्या दुधाचा डबा आणून ठेवलेला. "ताई, मला दूधच नाहीये गं." तिला टेकून बसवलं, दोघींनी हात धुतले. स्तनाच्या काळ्या वर्तुळाच्या कडेला अंगठा आणि बोटं ठेवून आधी छातीकडे आणि मग एकमेकांकडे कसं दाबायचं ते दाखवलं. पाच-सात वेळा काहीच नाही. मग टोकावर एक थेंब उभा राहिला. मधासारखा दाट, पिवळाधमक, ओघळायचं नाव नाही. चमच्यावर घेऊन बाळाच्या ओठाला लावला, तर त्याने जीभ काढून चाटला.

"हे दूध असतं?" तिने विचारलं.

शिकलेली मुलगी, नऊ महिने सगळ्या तपासण्या वेळेवर केलेल्या. तिला हे कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणून हा धागा.

चीक, म्हणजे हे पहिलं दाट पिवळं दूध, काही बाळंतपणानंतर तयार होत नाही. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापासूनच तो बनायला लागतो. पहिल्या दिवशी एका वेळेला काही थेंब ते चमचाभर, आणि बाळाची गरजही तेवढीच. बाळामागून वार (पोटात बाळाला पोसणारा, नाळेला जोडलेला भाग) पडली की अंगातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं, आणि मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दूध भरून येतं. घात होतो तो या मधल्या दिवसांत, कारण 'हिला दूध नाही' असं कोणीतरी नेमकं तेव्हाच म्हणून जातं.

माझं आधी सांगते. पाचव्या महिन्यात गाऊनला आतून पिवळे, कडक झालेले डाग दिसायला लागले. मला वाटलं, पू आहे. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, नवऱ्यालाही बोलले नाही. शेवटी आईला फोन केला. "अगं, चीक आहे तो. खरवडू नकोस, नुसत्या कोमट पाण्याने धू." एवढंच होतं ते.

तुमचं कसं होतं? नाव नको असेल तर नुसतं गाव लिहा.

सातारा जिल्हा

आमच्या घरी म्हशी. म्हैस व्याली की आजी आधी रेडकाला चीक पाजायची. "पहिला वाटा त्याचा," म्हणायची. उरेल त्याचा खरवस. रेडकू उठत नसेल तर स्वतः धरून आचळाला लावायची. त्याच आजीने माझ्या आईला तीन दिवस चीक पिळून टाकायला लावला होता. जड असतो, बाळाला बाधतो म्हणून. मला तीन दिवस मधाचं बोट आणि गाईचं दूध.

माझ्या वेळी आजी ८४ वर्षांची. चीक पिळून टाकायला वाटी घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, "आजी, रेडकाला देतीस आन् माझ्या लेकीला न्हाई?" ती वाटी धरून बराच वेळ तशीच उभी राहिली. मग वाटी खाली ठेवली, माझ्या पाठीला उशी लावली आणि लेकीचं डोकं तिनेच धरून मला जवळ आणून दिलं. आजी आता नाही. ती वाटी मी ठेवली आहे.

नागपूर

मला गरोदरपणात एक थेंबही आला नाही. बहिणीला सातव्यात गळायचं, म्हणून मी फार घाबरले होते. तिसऱ्या दिवशी पान्हा फुटला आणि मुलगा दीड वर्ष प्यायला. ज्यांना आधी काही दिसत नाही, त्यांनी जीव जाळू नका.

पुणे, सिझेरियन

बाळ दाखवलं आणि घेऊन गेले. जवळ आणलं सहा तासांनी. वजन ३ किलो होतं, ते तिसऱ्या दिवशी २ किलो ७८० ग्रॅम भरलं आणि घरात सुतकी वातावरण. डॉक्टर म्हणाल्या, पहिल्या दिवसांत सात टक्क्यांच्या आसपास वजन उतरतं, दहाच्या वर गेलं तर आपल्याला पाहावं लागेल. तुम्ही वजनकाटा सोडा, लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या दिवसापर्यंत सहा. काळी-हिरवी शी चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी व्हायला हवी. मी डॉक्टरांच्या फाइलवरच मागे रेघा मारत होते.

चौथ्या रात्री तीनला जाग आली ती छाती दगड झाल्यामुळे. काखेपर्यंत ठणका, कातडी चकचकीत ताणलेली. इतकी दाटली होती की बाळाला तोंडात धरता येईना, ते घसरून रडायचं. रात्रपाळीच्या सिस्टरने कोमट फडक्याने शेकलं, हाताने थोडं काढून वर्तुळाभोवतीचा भाग मऊ केला आणि मग लावलं. पाजून झाल्यावर गार पट्ट्या. तोवर मी सगळं दूध उपसून टाकायला निघाले होते. ती म्हणाली, जितकं उपसाल तितकं शरीर जास्त बनवेल, सुसह्य होईल एवढंच काढा.

*(धागाकर्ती: लंगोटांचा हिशेब प्रत्येकीने लिहून फ्रीजवर लावा. 'दूध पुरतं का?' याला आजी, शेजारीण, नणंद प्रत्येकीचं वेगळं उत्तर असतं. लंगोट खरं सांगतो. आणि लंगोट कोरडे राहत असतील, बाळ सुस्त पडून राहत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.)*

कोल्हापूर

माझा चीक विटकरी रंगाचा आला, दोन्हीकडून. माझा धीरच सुटला. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाल्या, नळ बरेच दिवस बंद असला की पहिलं पाणी गंजाचं येतं ना, तसं समजा. आतल्या नाजूक केशवाहिन्यांतलं थोडं रक्त आहे, बाळाला पाजा. तीन दिवसांत रंग साफ झाला. आठवडा उलटूनही राहिला किंवा एकाच बाजूने येत राहिला तर मात्र दाखवायला सांगितलं होतं.

नंदुरबार जिल्हा, आशा कार्यकर्ती

दवाखान्यात बाळंत झालेलीकडे आमची घरची पहिली भेट तिसऱ्या दिवशी असते. तिसऱ्या दिवसापर्यंत मध चाटवून झालेला असतो, कुठे गूळपाणी, कुठे शेळीचं दूध. म्हणून मी आता आठव्या महिन्यातच सासू आणि सून दोघींना एकत्र बसवून सांगते. तासाभरात बाळ अंगावर घ्यायचं. पहिलं पिवळं दूध टाकायचं नाही. मध वर्षाच्या आत अजिबात नाही. सासू बाजूला असताना नुसतं सुनेला सांगून उपयोग होत नाही, हे मला चार-पाच वर्षांनी कळलं.

मेलबर्न, मूळची सोलापूरची

मला गरोदरपणातला मधुमेह, इन्सुलिन चालू. अशा आयांच्या बाळांची साखर जन्मल्यावर उतरू शकते. म्हणून ३६ आठवडे झाल्यावर इथल्या मिडवाइफने दिवसातून दोनदा हाताने चीक काढायला शिकवलं. सुरुवातीला सिरिंजच्या टोकाला नुसता ओलावा. आठवड्याने अर्धा मिली. आईने फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी जागा केली आणि प्रत्येक सिरिंजवर पट्टी चिकटवून तारीख लिहिली. मुलीची साखर खरंच उतरली, आणि त्या सिरिंजा कामी आल्या. हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. लवकर कळा येण्याचा धोका असेल त्यांना नको सांगतात.

ठाणे, एक बाबा

लिहू की नको असं झालं होतं. मुलगा ३१ आठवड्यांतच जन्मला. बायको एका इस्पितळात, तो दुसरीकडे काचेच्या पेटीत. ती दर तीन तासांनी चीक काढायची आणि मी बर्फाच्या डब्यातून न्यायचो. पहिल्या खेपेला २ मिली. रिक्षात डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. पुढे दोन दिवस तिचं पुरेना, तेव्हा दूधपेढीचं दूध मिळालं, दुसऱ्या आयांनी दिलेलं, पाश्चराइज केलेलं. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी आपल्या मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, हे मला तेव्हाच कळलं. त्या अनोळखी आयांचे आभार कुठे मानायचे कळत नाही, म्हणून इथे.

नाव-गाव नको

माझं इथे बसतं का माहीत नाही. साडेपाच महिन्यांचं बाळ पोटातच गेलं. दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी आले. तिसऱ्या दिवशी न्हायला बसले आणि अंगावरून दूध ओघळायला लागलं. असं होईल हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. वाटलं, शरीराला अजून कळलेलंच नाही. जाऊबाईंनी घट्ट बांधायला सांगितलं, त्याने गाठ धरली आणि ताप चढला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, आवळून बांधू नका. आधार देणारी ब्रा, गार पट्ट्या, आणि फार दुखलं तर थोडंसंच काढा. दूध थांबवायला गोळ्या असतात हेही तेव्हाच समजलं. दहाव्या दिवशी थांबलं. थांबलं तेव्हा पुन्हा रडले.

*(धागाकर्ती: ताई, इथेच बसतं. वर मी फक्त बाळ कुशीत असलेल्यांसाठी लिहिलं होतं. वार पडली की दूध येतं, कुशीत बाळ असो वा नसो. एवढ्या दिवसांचं पोट असेल तरीही. हे घरी पाठवण्याआधी सांगायलाच हवं. वरच्या मजकुरात आत्ता भर घालते आहे.)*