लेकीच्या शेवटच्या वर्षात घरच्यांनी मदत करायची म्हणजे नक्की काय करायचं?

उंबरठा · १९ मे २०२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, लिहायला आज पहिल्यांदाच बसले आहे.

माझी लेक पदव्युत्तरच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महासाथ म्हटलं आणि त्याच आठवड्यात वसतिगृह रिकामं करायला सांगितलं. दोन आठवड्यांत परत जायचंच आहे म्हणून ही एक पाठपिशवी आणि लॅपटॉप घेऊन आली. नोंदवह्या तिथंच कपाटात. प्रबंधासाठी मातीचे १२० नमुने तपासायचे होते, त्यातले ४४ झाले. उरलेले तिथल्या फ्रीजरमध्ये, उणे ८० अंशांवर. मी विचारलं, "खराब नाही होणार?" तर म्हणाली, "ते मजेत आहेत गं. मीच खराब होतेय." तेव्हा दोघी हसलो.

घरी माणसं चार, खोल्या तीन. जेवणाचं टेबल ह्यांच्या ऑफिसनं घेतलं. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे टीव्हीचा आवाज मोठा, आणि त्यावर दिवसभर रुग्णांचे आकडे. लेकीच्या वाट्याला आतली खोली आणि इस्त्रीचं टेबल.

मी कंबर कसली. वेळापत्रक करून फ्रीजवर लावलं. सकाळी सातला उठवायला लागले. तासातासाला दार वाजवून "किती झालं?" त्या न्यूटनचा निरोप तुम्हाला आला असेलच, १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं, हा घरी गेला आणि घरी बसून केवढं काम केलं वगैरे. तो मी तिला पाठवला. शेजारच्या खोलीतून उत्तर आलं : "आई, त्याची पदवी विद्यापीठ बंद व्हायच्या आधीच हातात पडली होती. त्याला सबमिशन नव्हतं. आणि त्याची आई तासातासाला दार वाजवायची अशी कुठे नोंद नाही."

हे इथपर्यंत ठीक होतं. पुढचं सांगायला लाज वाटते. एप्रिलच्या शेवटी मी तिच्या मार्गदर्शकांना तिच्या नकळत फोन केला. माणूस सभ्य, शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या बैठकीत ते तिला सहज म्हणाले, "आईंची काळजी समजते मला." लेक बाहेर आली, माझ्याकडे नुसतं बघितलं आणि तीन दिवस हो-नाहीच्या पलीकडे बोलली नाही.

आता २२ जूनला प्रबंध द्यायचा आहे, नंतर तोंडी परीक्षा झूमवर. रात्री तीनपर्यंत जागते, अकराला उठते. विचारलं तर अंगावर येते, नाही विचारलं तर पोरीला वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतं. काल न्हाणीघरात नळ बराच वेळ चालू होता. अंघोळ नव्हती, बादली कोरडी होती. नळ कशासाठी सोडतात हे मला माहीत आहे, मीही सोडलेला आहे.

तर मदत करायची म्हणजे करायचं काय? आणि हात कुठे आवरायचा?

---

तारायंत्र · १९ मे २०२०

ताई, मनातलं मला फारसं कळत नाही, तारांमधलं कळतं. तेवढंच सांगतो.

आमचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. पहिल्या ऑनलाइन पेपरला तीन तास झकास लिहिलं आणि उत्तरं वर चढवायच्या दहा मिनिटांत सगळं मुसळ केरात. कारण घरचं इंटरनेट 'वेगवान' असतं ते खाली उतरवायला. वर चढवायचा वेग बहुतेक जोडण्यांत त्याच्या कितीतरी कमी असतो, आणि नेमक्या त्याच वेळी मी व्हिडिओ बैठकीत तोंड दाखवत बसलो होतो. पोरगा दारात उभा राहून हातवारे करत होता. मला वाटलं पेपर सोपा गेला म्हणून नाचतोय.

मग आम्ही शिकलो. लॅपटॉप राउटरला सरळ केबलनं जोडा. केबल पोचत नसेल आणि राउटर दूर असेल तर २.४ गिगाहर्ट्झ ठेवा, त्याच खोलीत असेल तर ५. पाचवालं वेगवान असतं पण भिंतींपुढे गुडघे टेकतं. २.४ वर असाल तर तोंडी परीक्षेच्या वेळी मायक्रोवेव्ह लावू नका, तोही त्याच पट्ट्यात चालतो. थट्टा नाही, करून बघा. एका मोबाइलमध्ये डेटा भरून हॉटस्पॉट तयार ठेवा, आणि आदल्या दिवशी त्याच वेळेला, घरातले सगळे आपापल्या कामाला लागलेले असताना, तालीम करा. रिकाम्या घरातली तालीम काही कामाची नाही.

प्रबंधाच्या प्रती तीन ठिकाणी : लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, स्वतःला केलेली ईमेल. तिला विचारा आणि "हो गं" एवढ्या उत्तरावर थांबू नका. ह्या एका बाबतीत नाक खुपसायची मी तुम्हाला परवानगी देतो.

अवांतर : आजींना हेडफोन घेऊन द्या. आमच्या आईला दिले, आता तीच आम्हाला "हळू बोला" म्हणते.

---

स्पष्टवक्ता · १९ मे २०२०

राग मानू नका, पण आमच्या आईवडिलांना आम्ही कितवीत आहोत हे सुद्धा धड ठाऊक नसायचं. शिकलोच ना? बावीस-तेवीस वर्षांच्या घोड्यांचे लाड पुरे झाले.

---

रात्रपाळी · २० मे २०२०

@स्पष्टवक्ता, तुम्ही अभ्यासाला घराबाहेर तरी जाऊ शकत होता ना? वाचनालय, मित्राची खोली, पार? आत्ता तेच तर बंद आहे.

काकू, मी तुमच्या लेकीच्याच वयाची आहे आणि माझंही शेवटचं वर्ष आहे. म्हणून तिच्या बाजूनं लिहिते, चुकलं तर सांगा.

"किती झालं?" ह्याला उत्तर नसतं. आज दिवसभर बसून मी दोन परिच्छेद लिहिले आणि तीन खोडले, म्हणजे किती झालं? उणे एक. तो प्रश्न आला की मी दिवसभरात काय केलं नाही ते मोजायला लागते आणि पुढचा तास त्यातच जातो. माझ्या बाबांनी एक केलं. त्यांनी सांगून टाकलं की रविवारी संध्याकाळी एकदाच विचारीन, मधे विचारणार नाही. आणि खरंच नाही विचारलं. दुसऱ्या आठवड्यापासून मीच बुधवारी जाऊन सांगायला लागले.

रात्री जागण्याचं म्हणाल तर, रात्री घर माझं असतं. कोणी कॉलवर नसतं, कोणी दारावरून जात नाही, इंटरनेटही मोकळं. आळस म्हणून नाही जागत हो. सातला उठवलंत तर तिचे फक्त चार तास झोपेतून जातील, रात्र ती सोडणार नाहीच. दिवसाचे चार तास तिला कुणी अजिबात हाक मारणार नाही असे मिळाले तर कदाचित रात्र आपोआप अलीकडे येईल. माझी एकवर आली आहे.

आणि नळाबद्दल. तो प्रबंधासाठीच असेल असं नाही. आम्ही कुणाचाही निरोप घेतलेला नाही. पाच वर्षं एकत्र काढली आणि शेवटचा दिवस कुठला होता हेच कळलं नाही, एका शुक्रवारी "सोमवारी भेटू" म्हणून निघालो. ह्याला घरात कुणी दुःख मानत नाही कारण बाहेर माणसं मरताहेत. मलाही लाज वाटते बोलायला. म्हणून नळ.

---

खडूफळा · २० मे २०२०

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा. पंधराएक वर्षं प्रबंध तपासतो आहे.

फोनचं ओझं फार वाहू नका, ह्या दोन महिन्यांत मलाही असे सात-आठ आले. पण पुन्हा करू नका. विद्यार्थी सज्ञान असतो आणि त्याच्या प्रगतीबद्दल पालकांशी बोलायला आम्ही बिचकतो. अमेरिकेत तर त्यासाठी १९७४ पासून कायदाच आहे. आणि फोननंतर नकळत का होईना, शिक्षकाच्या डोळ्यांत ती मुलगी थोडी लहान होते.

आता ४४ नमुन्यांबद्दल, कारण खरी भीती तिथं असावी. १२० चे ४४ झाले म्हणजे काम एक-तृतीयांशावर आलं असं तिला वाटत असणार. संख्याशास्त्र इतकं निर्दय नाही. सरासरीतली अनिश्चितता नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या हिशेबानं बदलते, म्हणजे ती साधारण १.६५ पट वाढेल, तिप्पट नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे : ते ४४ कुठले? सगळ्या ठिकाणांहून थोडे थोडे असतील तर मूळ प्रश्न शाबूत आहे, फक्त दावा जरा सौम्य करायचा. सगळे एकाच जागचे असतील तर प्रश्नच बदलायचा आणि त्या एका जागेबद्दल नीट लिहायचं. दोन्ही प्रबंध होऊ शकतात. प्रयोगशाळा कुठल्या तारखेला बंद झाली, काय राहिलं, हे 'मर्यादा' ह्या भागात चार ओळींत सरळ लिहावं, रडगाणं नको. युनेस्कोच्या आकड्यांप्रमाणे एप्रिलमध्ये जगात दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी शाळा-महाविद्यालयांबाहेर होते. परीक्षकाला हे समजावून सांगावं लागणार नाही, त्याच्या स्वतःच्या प्रयोगशाळेला कुलूप आहे.

हे तुम्ही तिला सांगू नका बरं का. तिनं मार्गदर्शकांना विचारावं, तेही हेच सांगतील असा माझा अंदाज. फार तर एवढं विचारा की मुदतवाढीचा नियम वाचलास का. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठानं ह्या सत्रात नेहमीच्या श्रेण्या बाजूला ठेवल्या, ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यापीठांनी ह्या काळातल्या गुणांमुळे आधीची सरासरी खाली येऊ द्यायची नाही असं ठरवलं. प्रत्येकाचा नियम वेगळा, आणि हे परिपत्रक संकेतस्थळावर कुठल्या तरी कोपऱ्यात पडलेलं असतं. मुलं वाचत नाहीत. अर्ज तिनंच करायचा, मुदत संपायच्या आधी. नंतर केलेल्या अर्जाला आम्हालाही काही करता येत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. रडणं, चिडणं, जागणं हे चालायचंच. पण झोप पार उडाली, जेवण सुटलं, मैत्रिणींचे फोन घेणं थांबलं किंवा "माझा काही उपयोग नाही" असं बोलणं सुरू झालं, तर तिच्या खासगीपणाचा विचार बाजूला ठेवा, सरळ शेजारी जाऊन बसा आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा.

---

उंबरठा · २१ मे २०२०

सगळ्यांचे आभार. @स्पष्टवक्ता, राग नाही. माझ्याही आईला माझा विषय सांगता यायचा नाही, पण परीक्षेच्या दिवसांत ती घरात आवाज होऊ द्यायची नाही, हे मला आत्ता तुमच्यामुळे आठवलं.

@रात्रपाळी, तुझा प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवला. वाचताना मधेच थांबावं लागलं. वेळापत्रक काढलं फ्रीजवरून. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दाराला लावलं : 'दुपारी दोन ते सहा हाक मारणार नाही. घर पेटलं तरच.' तिनं खाली पेनानं लिहिलं, 'आणि पेटल्यावर राउटर आधी वाचवा.'

फोनची माफी मागितली. "ठीक आहे" म्हणाली. ते ठीक नव्हतं, पण म्हणाली.

---

उंबरठा · ९ जुलै २०२०

धागा वर काढते आहे कारण दोघा-तिघांनी विचारलं.

प्रबंध गेला, २२ ला नाही, २९ ला. मुदतवाढीचा अर्ज तिनं तुमच्या प्रतिसादांच्याही आधीच करून ठेवला होता. मला माहीत नव्हतं. म्हणजे मी रात्ररात्र ज्याची काळजी करत होते ते काम पोरगी कधीच उरकून मोकळी झाली होती. नमुने सहा ठिकाणांहून थोडे थोडे होते, खडूफळा सर. म्हणजे प्रश्न शाबूत.

हाक न मारण्याचे चार तास मला फार जड गेले, हे कबूल करते. पहिल्या आठवड्यात मी दोन कपाटं आवरली आणि मग न आवरता येणाऱ्या गोष्टी मनात यायला लागल्या. ह्यांच्या पगारातली कपात, सासूबाईंचा खोकला. पोरीच्या दारावर मी स्वतःचीच भीती वाजवत होते की काय, कोण जाणे. एका रविवारी विचारायची वेळ झाली तर तिनंच मला विचारलं, "तुझं किती झालं?"

न्हाणीघराचा नळ अजून दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा दाराबाहेर खाली बसले, बोलले काही नाही. बऱ्याच वेळानं नळ बंद झाला आणि आतून आवाज आला, "आहेस का?" म्हटलं, "आहे." मग पुन्हा सोडला.

तोंडी परीक्षा काल झाली. मायक्रोवेव्हची वायर काढून ठेवली होती, तारायंत्र. सासूबाई हेडफोन विसरतील म्हणून टीव्हीचा रिमोट घेऊन मी जिन्यात जाऊन बसले. हे बैठक बंद करून माझ्या शेजारी. चाळीस मिनिटं. आत काय चाललंय ते कळत नव्हतं, एकदा कुणीतरी हसल्यासारखं वाटलं.

दार उघडलं. लेक बाहेर आली, वर शर्ट इस्त्रीचा, खाली झोपायचा पायजमा. आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आजीला रिमोट दे. कधीची शोधतेय बिचारी."